बी जपा

लॅबमधल्या माणसाने प्लास्टिकची एक छोटी डबी माझ्या हातात दिली आणि मी ती आधी कानाजवळ नेऊन हलवून पाहिली. धंद्याची सवय. मिरची नीट वाळलेली असेल तर आतलं बी वाजतं, ओल राहिली असेल तर वाजत नाही. डबीत खडखड झाली. उघडून पाहिलं तर मेणाचे तीन ठोकळे होते, आगपेटीच्या अर्ध्याएवढे, आणि प्रत्येकात एकेक करडा तुकडा अडकलेला. दवाखान्यात त्यांना ब्लॉक म्हणतात. ते तुकडे माझ्या नवऱ्याच्या फुफ्फुसाचे होते. ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं आणि आजार परत आला होता.

रजिस्टरवर माझी सही घेऊन लॅबवाला म्हणाला, "तीन हैत बाई. ए, बी, सी. बी जपा. बी पुन्हा मिळत न्हाई."

मी मान हलवली. त्याचं म्हणणं मला बरोबर कळलं, असं मला वाटलं. हा माणूस तीस वर्षं त्याच काउंटरवर आहे, तेव्हा माझ्याच दुकानातून मिरची न्यायचा, मी कोण हे त्याला माहीत आहे. जालन्याचा माणूस जालन्याच्या बाईला जे सांगेल तेच तो सांगतोय, असं मी धरून चालले. बी जपा. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती.

माझं जालन्यात मस्तगडला वाळल्या मिरचीचं दुकान आहे. ते मी उभं केलं. माझे वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचे. मी दहावीपर्यंत शिकले ती मामाच्या घरी राहून. जाफराबादकडच्या गावात लग्न झालं. नवरा एसटीत ड्रायव्हर, त्यामुळे घरात पगार होता, पण मला बसून राहता येत नाही. सासूच्या वाट्याला मिरचीचा एक लहानसा तुकडा होता. तिची मिरची लांब, जाड सालीची, कुटली की रंग गडद यायचा. मी त्यातलं बी निवडायला लागले. ज्या झाडावर बोकड्या रोग पडला नाही, पानं आकसली नाहीत, त्याच झाडाची, तीही मधल्या तोड्याची फळं बाजूला ठेवायची. नऊ वर्षं हे केलं. शेवटी शेवटी शेजारच्या रानात सगळं आकसून गेलं तरी माझ्या वाफ्यात हिरवं राहायचं.

मग बियाणे कंपनीची दोन माणसं आली. जालन्यात अशा कंपन्या पुष्कळ, आणि गावोगाव फिरणारी माणसंही पुष्कळ. मावशी मावशी करत ओट्यावर बसली, चहा घेतला, आणि जाताना म्हणाली, मूठभर बी द्या नमुना म्हणून. मी दिलं. कागदात बांधून, वर सुतळी गुंडाळून दिलं. दोन हंगामांनी बाजारात नवं पाकीट आलं आणि त्याच्यावरच्या चित्रात माझी मिरची होती. मी त्यांच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबाने विचारलं, ही तुमची कशावरून? मी आवाज चढवला, त्याने वॉचमनला बोलावलं. नवरा अजून म्हणतो, मिरची ती मिरची, तिच्यावर काय तुझं नाव गोंदलंय? तेच तर माझं म्हणणं आहे. नाव नव्हतं म्हणून गेली. या गोष्टीला बारा वर्षं झाली. मला ती विसरता आली नाही आणि विसरायचीही नाही.

आता आजाराचं. पहिलं ऑपरेशन जालन्यातच झालं. नंतर केमो झाली. वर्षभर बरं चाललं, मग खोकला परत आला आणि फोटोत छातीच्या मधोमध नवी गाठ दिसली, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. पहिल्या वेळी सुईने तुकडा काढताना फुफ्फुसातली हवा गळली होती आणि नवरा आठ दिवस बरगडीत नळी घालून पडून होता. त्याने सांगून टाकलं की आता सुई नाही. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टरही म्हणाले की या जागी सुई घालणं धोक्याचं आहे. एक नवं औषध आहे, सलाइनमधून देतात, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. कुणाला लागू पडेल याचा अंदाज यायला आजाराच्या पेशींवर एक खूण आहे का ते बघावं लागतं. ते बायोमार्कर म्हणाले, मग माझ्या तोंडाकडे बघून खूण म्हणाले. ऑपरेशनच्या वेळचे ब्लॉक जालन्याच्या लॅबमध्ये असतील, ते आणा.

औषध काय करतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, शरीराचे राखणदार असतात, ते परकं काही दिसलं की मारतात. पण काही कॅन्सर अंगावर अशी खूण लावून बसतो की राखणदाराला तो घरचाच वाटतो. औषधाने ती खूण झाकली जाते.

हे मला लगेच समजलं. माझ्या वडिलांच्या कळपात मेंढरांच्या कानाला खाच असायची, पाठीवर गेरूचा पट्टा. आमची कुत्री पट्टा बघून गप्प बसायची. एकदा चोराने आपल्या मेंढरावर तसाच पट्टा ओढून ते आमच्या कळपात सोडलं होतं, दुसऱ्या दिवशी ते न्यायच्या निमित्ताने येऊन चार घेऊन जायला. मी डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे गेरू पुसायचा आणि कुत्रं सोडायचं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, असंच समजा.

"गेरू लावलेलाच नसला तर?" नवऱ्याने विचारलं.

"मग त्या औषधाचा फार उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा केमोच."

केमोत त्याचं वजन इतकं उतरलं होतं की लग्नातली अंगठी दोऱ्याने बांधून घालावी लागत होती. दोघांनाही कळलं की सगळं आता त्या मेणाच्या ठोकळ्यांवर आलं आहे.

तर मी डबी घेऊन संभाजीनगरला गेले. नवरा बरोबर होता, सही त्याचीच लागणार होती. तिथे एका खोलीत आमच्या मुलीच्या वयाची एक मुलगी बसली होती. तिने सांगितलं की हे काम एकट्या दवाखान्याचं नाही. पाच शहरांतले दवाखाने आणि लॅबा मिळून हा अभ्यास करताहेत, कारण एका जागी असे पेशंट बोटावर मोजण्याइतके येतात आणि तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही. तुमची चाचणी आम्हीच करू, खूण निघाली तर औषधाचंही या अभ्यासातूनच बघता येईल, आणि उरलेल्या तुकड्यावर पुढचं संशोधन होईल. तिने संमतीपत्र पुढे ठेवलं. मराठीत होतं. मी ते ओळ न् ओळ वाचायला घेतलं. नवरा पेन उघडून बसला होता.

"वाचू दे तिला," तो त्या मुलीला म्हणाला. "हिला यमाने बोलावलं तर आधी भाव विचारील आणि मंग निघंल."

तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं. आपल्या नमुन्यावरून आपले नाव काढून टाकण्यात येईल व त्यास केवळ क्रमांक देण्यात येईल.

नमुना. नाव काढून टाकण्यात येईल. माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं की बाई, हे मी आधी बघितलंय. नमुना म्हणायचं, मूठभर घ्यायचं, नाव काढायचं, आणि मग दुसऱ्याच्या पाकिटावर चित्र छापायचं. मी बरंच बोलले. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावायला लागली. ती मुलगी शांत होती. नाव काढतो ते तुमच्याच भल्यासाठी, म्हणाली, काकांचा आजार पाच शहरांत कुणाला कळायला नको म्हणून. मी म्हटलं, काकांचा आजार अख्ख्या मस्तगडाला माहीत आहे, आम्ही काही चोरी केलेली नाही.

"काकू, मी आपल्या जालन्याकडच्या वाटूरची आहे," ती म्हणाली. "मी कुठं पळून जाणार?"

"ते पण मावशी मावशी करत आल्ते," मी म्हटलं.

शेवटी मी तिच्याशी ठरवून घेतलं. चाचणीत जे निघेल ते आम्हाला मराठीत, कागदावर. उरलेले ब्लॉक परत. या दोन गोष्टी तिने लगेच मान्य केल्या. नंतर कळलं की त्या आधीपासूनच चौथ्या पानावर छापलेल्या होत्या. तिसरी मागणी, पुढच्या संशोधनात काय सापडलं ते आम्हाला वेगळं कळवा, ही तिने मान्य केली नाही. एकेका माणसाचं सांगता येत नाही, सगळ्यांचं मिळून सांगता येतं, असं म्हणाली. मी ती सोडून दिली, पण मनात ठेवली.

नवऱ्याने सही केली. मी डबी उघडून ए आणि सी तिच्या टेबलावर ठेवले. दोघांवर मी घरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने नवऱ्याचं नाव लिहून आणलं होतं. बी माझ्या कनवटीला होता.

तिने जालन्याचा रिपोर्ट काढून ताडून बघितला. "काकू, बी कुठंय?"

आता मी तेव्हा काय विचार केला तो जसाच्या तसा लिहिते. मला वाटलं, बघा, हिलाही नेमकं बीच पाहिजे. बियाणेवाल्यांनी फळं टोपलीभर समोर असताना बी मागितलं होतं, तसंच. लॅबवाल्याने बजावलं ते याचसाठी. माझ्या समजुतीने तिन्ही तुकडे एकाच आजाराचे होते, एकाच पोत्यातल्या तीन मुठी. दोन मुठींवर चाचणी होईल. चाचणी बरी झाली, यांनी शब्द पाळला, तर तिसरी देता येईल. आणि नाही पाळला तर माझ्या हातात काहीतरी राहील. सगळा माल एकदम समोर टाकणारा माणूस धंदा करू शकत नाही.

"दोनच दिले त्यांनी," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं की दोनच असतील; त्याने डबी उघडून पाहिली नव्हती. त्या मुलीने कपाळाला आठी घातली, जालन्याच्या लॅबला फोन करते म्हणाली, आणि दोन्ही ब्लॉकवरची माझी चिकटपट्टी नखाने सोलून काढली. ते बघून माझा निश्चय आणखी पक्का झाला.

घरी येऊन मी बी सासूच्या मिरचीच्या बियांच्या डब्यात ठेवला. त्या डब्यात राख असते, कडुलिंबाचा पाला असतो. माझ्या घरात त्याहून जपलेली जागा नाही.

पुढचे तीन आठवडे नवऱ्याचा खोकला वाढत गेला. दुकानात गल्ल्यावर बसायचा तो घरीच थांबायला लागला, मिरचीची धूळ सोसेना म्हणून. मग संभाजीनगरहून बोलावणं आलं. मी एकटीच गेले. त्या मुलीने कागद पुढे केला, ठरल्याप्रमाणे मराठीत. त्यावर लिहिलं होतं की तपासण्याइतक्या कॅन्सरच्या पेशी नमुन्यात नसल्यामुळे निष्कर्ष देता येत नाही.

मी उभी राहिले. तुम्ही नमुना खाल्ला, असं काहीतरी म्हणाले. त्याहून वाईटही बोलले असेन. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "काकू, ए मध्ये काकांचं निरोगी फुफ्फुस आहे. ऑपरेशनमध्ये कडेचा भाग काढतात तो. सी मध्ये बाजूच्या गाठी आहेत, त्यात आजार पोचलेला नव्हता. तरी बी मिळेना म्हणून त्यांतच काही सापडतं का ते आम्ही इथंच बघितलं. आजार फक्त बी मध्ये होता. तो जालन्याच्या लॅबनं हरवला. मी त्यांना दोनदा फोन केला, ते म्हणतात तिन्ही दिले. आमच्या सरांनी त्यांना पत्र पाठवलंय. एवढी बेफिकिरी असली तर त्या लॅबचे पेशंट इथून पुढे घेणं अवघड आहे."

मी खाली बसले. मी निरोगी तुकडे नेऊन दिले होते आणि आजार घरी राखेत जपून ठेवला होता.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. बरं म्हटलं, कागद घडी करून घेतला आणि बस पकडली. बदनापूर गेलं तरी मला काही सुचत नव्हतं. ती लॅबवाल्याला वाईट बोलत होती ते पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. मी आयुष्यात पुष्कळांशी भांडले आहे, पण माझं भांडण दुसऱ्याच्या अंगावर ढकलून कधी घरी आले नव्हते.

घरी नवरा पायरीवर बसला होता. मी सरळ आत गेले, डबा आणला, त्याच्या समोर राखेत हात घालून ब्लॉक काढला आणि सगळं सांगितलं. लॅबवाला काय म्हणाला, मी काय समजले, त्या मुलीला काय सांगितलं. त्याने ब्लॉक हातात घेतला, फुंकर मारून राख उडवली. त्यावरही माझी चिकटपट्टी होती, त्याच्या नावाची. त्याने ती वाचली.

"शेठानी," तो म्हणाला, "माझ्या छातीची पन घासाघीस करून राह्यलीस तू?"

आवाज चढवला नाही. तो चढवत नाही. चोवीस वर्षं एसटी चालवली पण हॉर्नसुद्धा कामापुरताच वाजवायचा. मी म्हटलं, लॅबवाल्यानेच सांगितलं होतं बी जपा म्हणून. तो म्हणाला, त्याने सांगितलं ते खरंच होतं, जपलास पन कुणापासून? मग खोकला आला आणि बोलणं तिथेच राहिलं. खोकला थांबल्यावर त्याने एवढंच सांगितलं की उद्या आधी लॅबवाल्याकडे जायचं, मग संभाजीनगर. तोही येणार होता. मी नको म्हटलं तर म्हणाला, तू वाटेत आणखी कुणाशी भाव करशील.

लॅबवाल्याने रजिस्टर काढून ठेवलंच होतं. ब्लॉक तीन, खाली माझी सही. मी म्हटलं, चूक माझी आहे. हे वाक्य मी किती वर्षांनी म्हणत होते कोण जाणे. त्याने रजिस्टर मिटलं.

"तीस साल झाले बाई," तो म्हणाला. "एक काच हरवली न्हाई माझ्या हातून. आणि ते पत्रात लिहितात बेफिकीर."

मी सांगितलं की आजच ते पत्र मागे घ्यायला लावते. त्याने मान हलवली, बरं म्हणाला नाही. अजूनही तो मिरची दुसरीकडून नेतो. ते त्याचं बरोबर आहे.

संभाजीनगरला त्या मुलीच्या टेबलावर मी बी ठेवला. यावेळी तीच चिडली. इतके दिवस शुद्ध बोलणारी मुलगी एकदम वाटूरचं बोलायला लागली. "काकू, ह्ये काय करून ठेवलंत? पाच जागचे ब्लॉक महिन्यातून एकदाच जात असतेत. परवा गेल्ते. आता पुढच्या महिन्यापर्यंत काकांनी काय करावं?" नवऱ्याने तिला म्हटलं, "बाई, तिला बोला, पन जल्दी बोला. आम्हाला चारची गाडी आहे." तिला हसू आलं आणि राग थोडा उतरला.

लॅबला पाठवलेलं पत्र तिने सरांना विचारून माझ्यासमोर मागे घेतलं. फोनवरून आधी लॅबवाल्याची माफी मागितली, मग लेखी. नंतर तिने ब्लॉकवरची चिकटपट्टी काढली, पण या वेळी टाकली नाही. एक जाड वही काढली, तिच्यात ती पट्टी चिकटवली, समोर क्रमांक लिहिला आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. "नाव इथंच असतं, काकू. तिकडं फक्त क्रमांक जातो. क्रमांक बघून काका कोण हे मला कळतं, बाकी कुणाला न्हाई."

हे तिने पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. मेंढराच्या कानावर तरी कुठे नाव असतं? खाच असते. ज्याची मेंढरं त्याला ती वाचता येते. एवढं साधं होतं, आणि त्या छापील कागदात ते कुणाला नीट लिहिता आलेलं नव्हतं. ही माझी तक्रार आजही आहे.

पुढच्या महिन्याची वाट बघणं कठीण गेलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. रोज त्याचा खोकला ऐकायचा आणि यातले किती दिवस माझ्यामुळे वाया गेले ते मनात धरून दुकान उघडायचं, एवढंच होतं.

निकाल आला तो सरळ आला नाही. अभ्यासाची रीत अशी की एकच ब्लॉक दोन शहरांतले दोन डॉक्टर वेगवेगळा बघतात, एकमेकांना न विचारता. एकाने लिहिलं, खूण भरपूर आहे. दुसऱ्याने लिहिलं, थोडी आहे. मी त्या मुलीला विचारलं की यातला खरा कोण. ती म्हणाली, "त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. एकाच ब्लॉकला एकानं भरपूर म्हणायचं आणि दुसऱ्यानं थोडी, मग पेशंटनं कुणाचं ऐकायचं? पाचही जागी सारखंच वाचलं गेलं पाहिजे."

हे काम मला पटलं. खरंच पटलं. मी धंद्याला लागले तेव्हा प्रत्येक आडतीचा काटा वेगळा होता. एकच पोतं तीन दुकानांत तीन वजनाचं भरायचं आणि शेतकऱ्याला वाटायचं की आपलंच काही चुकलं. काटा सगळीकडे सारखा करणं हे मोठं काम आहे, आणि ते एकट्याच्या दुकानात होत नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. कशाला लिहून घेतलं माहीत नाही. मी विचारलं की खाली माझं नाव टाकणार का, तर नुसती हसली.

तिसऱ्या डॉक्टरने बघितलं आणि मधलं सांगितलं. खूण आहे, भरपूर नाही. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले की अशा मधल्या लोकांत काहींना औषध लागू पडतं, काहींना नाही, आणि तुम्ही कुठल्यातले हे आज कुणालाच सांगता येणार नाही. मी त्यांना चारपाच प्रकारे तेच विचारलं. माणसाने मनात काही दाबून ठेवलं असेल तर चौथ्या वेळी ते बाहेर येतं, हा माझा अनुभव आहे. त्यांनी काही दाबून ठेवलेलं नव्हतं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"देऊन बघू," नवरा म्हणाला, आणि बाही वर केली, जसं काही त्याच मिनिटाला द्यायचं होतं.

दर तीन आठवड्यांनी सलाइन. केमोसारखी उलटी नाही, केस नाही गेले; अंगाला खाज सुटायची आणि दमायचा. अशाच एका दिवशी तो आत सलाइन घेत होता आणि मी बाहेर बाकावर होते. शेजारी परतूरकडचा एक शेतकरी येऊन बसला, बायकोचे ब्लॉक घेऊन. डबी रुमालात बांधलेली. त्याने रुमाल सोडला, मोजले, पुन्हा बांधला, आणि एक काढून खिशात घातला. मी म्हटलं, भाऊ, सगळे देऊन टाका आत, मागे ठेवू नका. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही यांच्या कोन?" त्याने विचारलं. "किती मिळतात तुम्हाला?"

मला राग यायला पाहिजे होता, आला नाही. मी असते तर हेच विचारलं असतं. मी आत जाऊन त्या मुलीला सांगितलं की बाहेरच्या भाऊंच्या खिशात एक आहे, आणि त्यांना आधी वही आणि कुलूप दाखव, कागद नंतर. ती बाहेर गेली. त्याने खिशातला काढून दिला का ते मी बघितलं नाही. नवऱ्याची सलाइन संपत आली होती.

याच दिवसांत अभ्यासाचा एक छापील कागद दवाखान्यात लागला. पाच शहरं, इतके ब्लॉक, काय काय सापडलं, वगैरे. वर डॉक्टरांची नावं दोन ओळी भरून. खाली शेवटी, सहभागी रुग्णांचे आभार. तेवढंच. मी त्या मुलीला म्हटलं की हे बरोबर नाही. नावं लिहू नका, समजलं मला ते, पण आभार तरी एका ओळीत उरकू नका. ज्यांच्या छातीतून निघालं ते सगळ्यात खाली का? ती म्हणाली, सरांना सांगते. सांगितलं की नाही, मी दर वेळी विचारते.

चार सलाइन झाल्यावर पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर लावला आणि आधीचा शेजारी लावला. आम्ही दोघं खुर्च्यांवर पुढे सरकून बसलो. मोठी गाठ होती तेवढीच आहे, ते म्हणाले. बाजूला एक लहान होती ती आणखी लहान झाली आहे. औषध चालू ठेवायचं.

मी विचारलं, मोठी का कमी झाली नाही? डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत वाढली नाही, या आजारात ही चांगली गोष्ट आहे. मी म्हटलं, पण लहान झाली तशी मोठी पण व्हायला काय हरकत होती? महिना वाया गेला त्याच्यामुळे का? डॉक्टरांनी सांगितलं की तेही सांगता येणार नाही. मी आणखी काही विचारणार होते, तर नवऱ्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बस झालं आता," तो म्हणाला. "हाय ते घे."

मी घेतलं. फोटो पिशवीत घातले. पुढच्या सलाइनसाठी त्यांनी बुधवार लिहिला होता. बुधवारी माझ्याकडे माल उतरतो. काउंटरवर थांबून मी तो गुरुवार करून घेतला.